नाव असलेले चेहरे, नाव नसलेले चेहरे

चित्रकार वासुदेव कामत हे नाव आपल्या पोरांत फारसं निघत नाही. निघालंच तर तोंड वाकडं करून. 'तो का? अयोध्येच्या रामलल्लाचं रेखाटन करणारा?' झालं. शिक्का मारला, माणूस बाजूला टाकला. मला हे पटत नाही. ज्याच्या हातात एवढी ताकद आहे त्याच्याकडे पाठ फिरवून त्याचं काही बिघडत नाही, आपलंच बिघडतं. मी कलेच्या शाळेत गेलेलो नाही, साच्यावर काम करतो. पण एक धागा तुटला तर कापडात कुठं तुटला हे लांबून दिसावं, एवढी नजर या कामानं दिलीय. त्याच नजरेनं बघतो.

कामतांचा जन्म १९५६ चा, कर्नाटकातल्या कारकळचा. (१९५६ साल आपल्यासाठी काय आहे ते सांगायला नको.) वाढले मुंबईत. १९७७ ला सर जे. जे. कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले. २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट आर्टिस्ट्सच्या सोसायटीचं ड्रेपर ग्रँड प्राइझ त्यांना मिळालं, 'माझी पत्नी' या चित्राला. २०२५ ला पद्मश्री. लोकांसमोर बसून जिवंत माणसाचं व्यक्तिचित्र काढून दाखवतात, आणि ते बघायला चित्रकलेची पोरं गर्दी करतात. मित्रांनो, ती गर्दी उगाच नाही. कोऱ्या कॅनव्हासवर आधी नुसते डाग दिसतात, उजेडाचा एक, सावलीचा एक. नाक नाही, डोळा नाही. आणि मग बघता बघता समोर बसलेला माणूस तिथं येऊन बसतो. हे कसब आहे. कसबाला कसब म्हणायला कामगाराला लाज कसली?

पण ही विद्या आली कुठून तेही बघा. जे. जे. निघालं १८५७ ला, इंग्रजांच्या राज्यात. एका बाजूनं पडलेला उजेड, तैलरंग, हुबेहूब चेहरा, ही रीत तिथं रुजली. मग चित्रं काढून घेतली कुणी? राजेरजवाड्यांनी, शेठजींनी, न्यायाधीशांनी. खाली पितळी पट्टी, तिच्यावर पूर्ण नाव, किताबासकट. आणि विद्यार्थ्यांचा हात बसावा म्हणून स्टुलावर कोण बसायचं? रोजावर आणलेला गरीब माणूस. त्याचंही चित्र व्हायचं, कधी कधी शेठजीपेक्षा झकास. पण प्रदर्शनात त्याच्याखाली काय लिहिलेलं? 'म्हातारा'. 'फेटेवाला'. 'कोळीण'. 'भिकारी'. नाव नाही. सुरकुत्या घेतल्या, नाव स्टुलावरच राहिलं.

सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' सगळ्यांना ठाऊक आहे, हातात दिवा घेतलेली बाई, म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे. ती त्यांची मुलगी गीता, हे लोकांनी शोधलं, तिच्या मुलाखती घेतल्या. चांगलंच झालं. पण नाव शोधायलाही मागं कुणीतरी असावं लागतं. स्टुलावरच्या म्हाताऱ्याला शोधत कोण गेलं? त्याला त्या दिवशी किती रोज मिळाला, कुणी विचारलं?

कामत याच परंपरेतले. त्यांनी कष्टकरी माणसं काढलीच नाहीत असं मी म्हणत नाही. माझा सवाल वेगळाय. त्यांच्या बक्षीस मिळालेल्या चित्राचं नाव बघा, 'माझी पत्नी'. घरचं माणूस आहे, जवळचं आहे, पण नाव तिथंही मागंच राहिलं. नातं पुढं आलं. ही एकट्या कामतांची गोष्ट नाही, सगळ्या व्यक्तिचित्रणाची खोड आहे. ज्याच्याकडे सत्ता तो नावानं ओळखायचा, बाकीचे नात्यानं, धंद्यानं नाहीतर जातीनं.

आता त्यांच्या प्रेरणेची गोष्ट. कामतांनी रामायण रंगवलंय, रामावर मालिका केलीय. अयोध्येतल्या मूर्तीसाठी रेखाटन त्यांचं, मूर्ती घडवली अरुण योगीराज यांनी, आणि २२ जानेवारी २०२४ ला तिची स्थापना झाली. इथं माझं भांडण आहे, पण ते 'देव का काढला' म्हणून नाही. बाबासाहेबांनीही ब्रश हातात घेतला होता, उघड्या डोळ्यांचा बुद्ध काढला होता. बुद्धाला तरी समोर बसलेला कुणी पाहिलाय? भांडण असं की, व्यक्तिचित्र काढणाऱ्या हाताची एक साख असते. 'हा माणूस होता, असाच होता' असं तो हात सांगतो आणि लोक मानतात. आयुष्यभर खऱ्या माणसांसमोर बसून कमावलेली ही साख, ज्याला कुणी पाहिलं नाही त्याला देऊन टाकायची, तर ती कुणाच्या कामी येते याचा हिशेब चित्रकारानं करायला नको? बाबासाहेबांनी बुद्धाचे डोळे उघडले ते त्यानं जगाकडे, माणसाच्या दुःखाकडे बघावं म्हणून. तिथं हिशेब स्वच्छ आहे.

आपल्यातले काही शिकलेले मित्र म्हणतात, हुबेहूब चित्र ही प्रस्थापितांची चैन, आपण सावी सावरकरांकडे बघावं. बघावंच. १९६१ ला नागपुरात जन्मलेला हा चित्रकार. त्याचा अस्पृश्य गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू घेऊन असा येतो की बघणाऱ्याची झोप उडावी. तिथं नाकडोळे जुळवायचे नसतातच, तिथं पेशवाई जुळवायची असते. पण दोस्त, तो चेहरा हजारोंचा आहे. एकाचा, नावगाव असलेल्या एकाचा चेहरा आपण कधी काढणार? शेठजींनी शंभर-दीडशे वर्षं हुबेहूब चित्रं काढून घेतली, मग त्यांच्या नातवांनी ती रीत जुनी ठरवली. आपल्या आजीचं एकदाही निघालं नाही, आणि आपणही तिला जुनी म्हणायचं?

बाबासाहेबांचंच घ्या. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये त्यांचं तैलचित्र लागलं १२ एप्रिल १९९० ला, महापरिनिर्वाणानंतर ३३ वर्षांनी. झेबा अमरोहवी या बाईंनी काढलेलं. ३३ वर्षं भिंतीला जागा नव्हती काय? पण आपल्या भिंतींचंही बोलू. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जयंतीला जे बॅनर लागतात ते नीट बघा. फोटोवरून चित्र, चित्रावरून चित्र, त्यावरून आणखी एक. दरवेळी बाबासाहेब थोडे गोरे होतात, गाल गुलाबी होतात, कपाळावरची चिंता पुसली जाते. रंगाच्या दुकानात 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब मिळते. म्हणजे कातडीचा रंग. उघडून बघा, कुणाची कातडी आहे ती! आपला पेंटर तीच दाबतो आणि आपण हार घालतो. यात कामतांचा काय दोष? सावळ्या कातडीवर उजेड पडला की तिथं निळसर झाक येते, सावलीत तांबूस ऊब राहते. हे समोर माणूस बसवल्याशिवाय कळत नाही, आणि समोर माणूस बसवायची विद्या कामतांच्या जातीच्या, म्हणजे कसबाच्या जातीच्या, चित्रकारांकडेच आहे. ती घ्यावी लागेल. त्यांची प्रेरणा नको असेल तर ठेवा बाजूला, विद्या कशाला ठेवता?

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. एका चेहऱ्याच्या अपमानासाठी दहा चेहरे पुसले गेले. 'दहा ठार' असं आपणही लिहितो. 'फेटेवाला' आणि 'दहा ठार' यात मला फार फरक दिसत नाही.

वस्तीतल्या ज्या पोरांचा हात चालतो त्यांना एवढंच सांगणं आहे. या जयंतीला बॅनर रंगवून झाला की उरलेल्या रंगात एक चित्र करा. सफाईवाली मावशी, नाक्यावरचा बिगारी, गिरणीतून उठलेला आजोबा, कुणीही. फोटो नको, समोर बसवा, चहा पाजा, दोन तासांचा रोज द्या. कातडीला बर्न्ट सिएना घ्या, अंबर घ्या, उजेडाला निळ्याचं बोट लावा. आणि खाली नाव घाला, आडनावासकट, कामासकट.