विद्युत्-क्षेत्र आणि विभव : प्रारंभिक मांडणीची एक चिकित्सा

पदार्थविज्ञानाच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात स्थिरविद्युतेचे प्रकरण बहुधा एका ठराविक क्रमाने मांडले जाते. प्रथम विद्युत्भार, मागोमाग कूलोमचा नियम, नंतर बलाला भाराने भागून क्षेत्र आणि अखेरीस कार्याला भाराने भागून विभव. हा क्रम तर्कदृष्ट्या निर्दोष असून परीक्षेच्या दृष्टीने सोयीचाही आहे. तथापि या वाटेने गेलेला विद्यार्थी सूत्रांत संख्या घालून अचूक उत्तर काढतो. पण एकाच परिस्थितीच्या वर्णनास क्षेत्र व विभव अशा दोन कल्पना का लागाव्यात, हे त्यास सांगता येत नाही. हा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नसून मांडणीचा आहे, हे थोड्या विचाराने ध्यानात येते.

एक साधे उदाहरण घ्यावे. एक-एक नॅनोकूलोमचे दोन धनभार परस्परांपासून २० सेंटिमीटर अंतरावर ठेवले आहेत. मध्यबिंदूपाशी प्रत्येक भाराचे क्षेत्र ९०० न्यूटन प्रति कूलोम इतके आहे. परंतु त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध असल्याने एकूण क्षेत्र शून्य होते. विभवाला मात्र दिशा नाही; ९० व ९० मिळून तो १८० व्होल्ट होतो. आता यांपैकी एक भार ऋण केला, तर विभव शून्य होतो आणि क्षेत्र १,८०० न्यूटन प्रति कूलोम होते. ज्या विद्यार्थ्याची समजूत ‘जेथे क्षेत्र नाही तेथे विभव नाही’ अशी आहे, तो या दोन्ही ठिकाणी अडखळतो. ही समजूत आपोआप उद्भवत नाही. दोन्ही राशी भागाकाराच्या एकाच साच्यातून काढल्या गेल्या, म्हणजे त्या एकाच वस्तूची दोन नावे वाटू लागतात.

वस्तुतः या दोन कल्पना दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून जन्मास आल्या. कूलोमने १७८५ मध्ये पिळाच्या तराजूने बलाचा नियम मांडला. पण मधल्या रिकाम्या जागेतून हे बल पोचते कसे, हा प्रश्न तसाच राहिला. फॅरडेच्या बलरेषा हे त्या प्रश्नाचे उत्तर होय. मॅक्सवेलने १८७३ च्या आपल्या ग्रंथात तीच कल्पना गणिताच्या भाषेत स्थिर केली. विभवाचा उगम निराळा आहे. लाग्रांज, लाप्लास व प्वासाँ यांच्या गणितात वाढलेल्या या फलनाला जॉर्ज ग्रीनने १८२८ मध्ये नॉटिंगहॅम येथे छापलेल्या निबंधात नाव दिले. दिशायुक्त बलांच्या बेरजेचा गुंता एका दिशाहीन राशीने सोडविणे, हे त्याचे कार्य होते. प्रश्न गाळून केवळ उत्तरे शिकविली, तर ती पाठच करावी लागतात.

येथे प्रामाणिकपणाचाही एक मुद्दा आहे. भार स्थिर असतात तोवर क्षेत्राचे स्वतंत्र अस्तित्व सिद्ध करता येत नाही. दूरस्थ क्रियेच्या कल्पनेनेही तीच उत्तरे येतात. भार हलू लागला, की त्याचा परिणाम प्रकाशाच्या वेगानेच दूर पोचतो. मधल्या काळात ऊर्जा व संवेग कोठे असतात, या प्रश्नास क्षेत्रावाचून उत्तर नाही. एवढे एक वाक्य आरंभीच सांगितले, तर क्षेत्र ही निव्वळ गणिती सोय आहे काय, ही विद्यार्थ्याची रास्त शंका दडपली जाणार नाही.

परिभाषेनेही या गोंधळास हातभार लावला आहे. ‘भार’ म्हणजे वजन, हा नित्याचा अर्थ. म्हणून शालेय पुस्तकांनी ‘प्रभार’ पत्करला, हे योग्यच झाले. विश्वकोशातील ‘वर्चस्’ व पाठ्यपुस्तकांतील ‘विभव’ या दोन्ही शब्दांत मात्र तेज अथवा संपत्ती यांची छटा आहे. म्हणजे काहीतरी एखाद्यापाशी असते. पण एका बिंदूच्या विभवाला स्वतंत्र अर्थ नाही; अर्थ आहे तो दोन बिंदूंमधील फरकाला. शून्य कोठे धरावे, हे सोयीने ठरते. निरभ्र दिवशी जमिनीलगत दर मीटरला सुमारे १०० व्होल्ट इतके क्षेत्र असते. तरी उघड्यावर उभ्या माणसाच्या नाकात व पायांत दीडशे व्होल्टचा फरक पडत नाही. शरीर वाहक असल्याने ते भूमीच्या विभवाशी समान होते आणि समविभव पृष्ठे त्याच्या डोक्यावरून वळून जातात. ‘विभवांतर’ हा शब्द प्रथम व ‘विभव’ नंतर शिकविला, तर हे कोडे कोडे राहत नाही.

या दृष्टीने एडवर्ड पर्सेल यांचा बर्कली पाठ्यमालेतील विद्युत् व चुंबकत्वावरील खंड (१९६५) विचारात घेण्याजोगा आहे. भार व कूलोमचा नियम यांनंतर तेथे क्षेत्र येत नाही. येते ती भारसमूहाची ऊर्जा आणि तिचे उदाहरण म्हणून मिठाचा स्फटिक. भार जुळविण्यास किती कार्य लागले, हा प्रश्न अगोदर रुजल्यामुळे पुढील प्रकरणातील विभव उपरा वाटत नाही. हे या ग्रंथाचे मोठे यश होय. उणीव अशी, की त्याची वाट लवकरच रेषासंकलन व सदिश-कलन यांच्या चढाला लागते. ती तयारी नसलेला वाचक मागे राहतो. मूळ आवृत्तीतील गाउसीय एककांची अडचण २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत डेव्हिड मॉरिन यांनी दूर केली. चढ मात्र कायम आहे.

तो चढ सौम्य करण्यास नकाशातील समोच्च रेषांचे साहाय्य घेता येते. पठार उंच असते, पण तेथे उतार नसतो. समुद्रसपाटीची उंची शून्य, तरी तेथून कडा उभा चढू शकतो. उंची म्हणजे विभव, उतार म्हणजे क्षेत्र. या उपमेची मर्यादाही त्याच वेळी सांगावयास हवी : पाणी नेहमी खालीच जाते, ऋणभार मात्र चढाकडे ओढला जातो.

सारांश, सूत्रे बदलण्याची आवश्यकता नाही. त्यांचा क्रम व त्यांमागील प्रश्न यांची पुनःस्थापना व्हावयास हवी. मातृभाषेतून विज्ञान शिकविण्याचा आग्रह सार्थ ठरावयाचा, तर केवळ शब्द मराठी असून भागणार नाही. मध्यबिंदूपाशी क्षेत्र शून्य असूनही विभव का उरतो, हे विद्यार्थ्याला सूत्राकडे न पाहता स्वतःच्या मराठीत सांगता यावे. अध्यापनाची खरी कसोटी तीच होय.