पाठमोरी पावलं

युजीन स्मिथच्या 'द वॉक टु पॅराडाइज गार्डन' या छायाचित्रात दोन लहान मुलं आहेत आणि दोघांपैकी एकाचाही चेहरा दिसत नाही. हातात हात घालून ती गर्द झाडीतून पुढच्या उजेडाकडे निघाली आहेत. मुलांचा फोटो म्हटला की आपण आधी डोळे शोधतो, हसू शोधतो. इथे दिसतात त्या फक्त पाठी. पलीकडे त्यांना काय दिसलंय ते त्यांचं त्यांना ठाऊक. मोठ्यांना किती हळुवारपणे बाहेर ठेवलंय पाहा!

आता कडेचा काळोख बघा. फांद्या-पानांची कमान मुलांना घेरून आहे. चौकटीतली चौकट ही तशी जुनीच युक्ती; पण इथे ती शोभेपुरती उरत नाही, कारण त्या काळोखात आपण स्वतः उभे असतो. आपल्याआधी तिथे मुलांचा बाप, म्हणजे स्वतः स्मिथ, उभा होता. मे १९४५मध्ये ओकिनावाच्या लढाईची छायाचित्रं काढताना उखळी तोफेच्या गोळ्याने स्मिथचा चेहरा आणि डावा हात जबर जखमी झाला. पुढे शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया. त्यानंतर १९४६ साली पुन्हा कॅमेरा उचलून काढलेलं हे पहिलं छायाचित्र. हे कळल्यावर ती सावली नुसत्या झाडांची राहत नाही.

उजेड समोरून, म्हणजे मुलांच्या पलीकडून येतो. त्यामुळे त्यांच्या आकृतींच्या कडा तेवढ्या उजळतात. स्मिथ एकेका प्रिंटसाठी डार्करूममध्ये तासन्‌तास घालवणारा माणूस. कुठे काळं गडद करायचं, कुठे हलक्या हाताने उजळायचं, यात त्याची तोड नव्हती. काळ्याची ही श्रीमंती लहानशा छापील पानावर बरीच हरवते, चांगला प्रिंट मिळाला तर जरूर पाहावा.

१९५५च्या 'द फॅमिली ऑफ मॅन' या प्रदर्शनात ५०३ छायाचित्रं होती. प्रदर्शनाची मांडणी करणाऱ्या एडवर्ड स्टायकेनने त्यात सगळ्यात शेवटी हे छायाचित्र ठेवलं. मला ती निवड अचूक वाटते, कारण या चित्रात कोणी मागे वळून पाहत नाही.

शेवटी नजर जाते ती गुंफलेल्या हातांवर. मुलगा किंचित पुढे, बहीण त्याच्या ओढीने मागोमाग. बापाचा दुखरा हात कॅमेऱ्यावर आहे, आणि तिला धरायला भावाचा हात पुरतोय.