वर्णाच्या खुणा

अमेरिकी समाजातील वर्णद्वेष ओसरला काय, याचा अदमास समीक्षा सहसा पात्रचित्रणावरून घेते. टोनी मॉरिसन यांची ‘रेसिटाटिफ’ (१९८३) ही कथा वाचकालाच तपासते. अनाथ नसूनही अनाथाश्रमात काही महिने एकत्र राहिलेल्या ट्वायला व रॉबर्टा यांपैकी एक गोरी, एक काळी. कोण कोणती, हे अखेरपर्यंत उघड होत नाही. वाचक मात्र आईची धार्मिकता, नवऱ्याची श्रीमंती यांवरून निवाडा करू लागतो. वस्तुतः प्रत्येक खूण दोहींकडे लागू पडते. तिला वर्ण चिकटविते ती वाचकाची साचेबंद समजूत. छापील भाषेतून अपशब्द बव्हंशी हद्दपार झाले, हे यश क्षुल्लक नव्हे. पण २०२२ मध्ये कथा पुस्तकरूपाने आली तेव्हाही प्रस्तावनाकार झेडी स्मिथ यांना याच शोधाच्या ओढीविषयी लिहावे लागले. खुद्द त्या दोघींचेही, आश्रमाच्या स्वयंपाकघरातील मुकी मॅगी काळी होती की नाही, यावर एकमत होत नाही.