अस्सलपणाची किंमत : 'कोर्ट'मधील वीरा साथीदार

मराठी चित्रपटात दलित-श्रमिक जीवनाचे चित्रण किती आणि कसे झाले, ह्या प्रश्नाची दखल समीक्षेने घेतली आहे. त्या चित्रणाला ज्यांनी चेहरा दिला त्यांना चित्रपटव्यवसायात कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरचा, समाजशास्त्राचा मानला जातो. ही विभागणी तपासून पाहिली पाहिजे. कारण व्यवसायातील स्थान ज्या भाषेच्या आधारे ठरते, ती भाषा बऱ्याच अंशी समीक्षेनेच पुरविलेली असते.

वर्धा जिल्ह्यातील परसोडी हे वीरा साथीदार यांचे जन्मगाव. नागपूर ही त्यांची कर्मभूमी. आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते आणि 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक म्हणून ते परिचित होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) ह्या चित्रपटात त्यांनी लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका केली. ह्या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि २०१५मध्ये ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून त्याचीच निवड झाली. तरीही १३ एप्रिल २०२१ रोजी कोविडने निधन होईपर्यंत साथीदार यांची मुख्य ओळख कार्यकर्ता हीच राहिली. चळवळ ही त्यांची स्वतःची निवड होती, हे खरेच. परंतु 'कोर्ट'मधील त्यांच्या कामाचा विचार अभिनय म्हणून फारसा झाला नाही, ह्याचे स्पष्टीकरण त्या निवडीत सापडत नाही.

अशा नटाविषयी बोलताना 'अस्सल' हे विशेषण हमखास वापरले जाते. नटाने काही केले नाही, तो केवळ 'आहे तसा' कॅमेऱ्यापुढे उभा राहिला, असा त्याचा गर्भितार्थ असतो. चित्रपटाची संहिता मात्र ह्या समजुतीला छेद देते. नागपूरचा संपादक येथे मुंबईतील वृद्ध शाहीर झाला आहे. तो जी गीते गातो ती संभाजी भगत यांची आहेत. रंगमंचावरील कांबळेचा देह आवाहक, समूहाला कवेत घेणारा आहे. न्यायालयात तोच देह आक्रसतो, उत्तरे त्रोटक होतात. ताम्हाणे यांचा कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर असतो. चेहऱ्याच्या निकटदृश्याचा आधार नसल्याने नटाला देहाची ठेवण, स्वराची पट्टी आणि मौनाची लांबी ह्यांवरच सारा अर्थ तोलावा लागतो. संकेतांची ही जाणीवपूर्वक निवड म्हणजेच अभिनय होय.

ह्या अभिनयामागे परंपराही आहे. विसाव्या शतकातील आंबेडकरी जलशांनी आणि शाहिरांच्या कलापथकांनी उघड्यावरच्या श्रोत्यांसमोर आवाज, देह आणि विचार ह्यांची एक शिस्त घडविली. मात्र 'प्रशिक्षण' म्हटले की पुण्याची चित्रपटसंस्था किंवा दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आठवते. जलसा 'अनुभव' ह्या सदरात जमा होतो. अनुभव एकदाच वापरता येतो, कौशल्य पुनःपुन्हा. ज्याच्याजवळ केवळ अनुभव आहे असे मानले जाते, त्याला दुसरी भूमिका देण्याचे कारण उरत नाही. अस्सलपणा ज्या दाराने आत घेतो, त्याच दाराने बाहेरही काढतो.

हा पेच केवळ मराठीतला नाही. डी सिकाच्या 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) मधील नायक लाम्बेर्तो माज्जोरानी हा कारखान्यातील कामगार होता. चित्रपट जगभर गाजला. माज्जोरानीची कारखान्यातील नोकरी गेली आणि नट म्हणूनही त्याला पुढे किरकोळ भूमिकांवरच भागवावे लागले. याउलट नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) मधील रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर त्यांच्याच 'झुंड' (२०२२) मध्ये वेगळ्या भूमिकांत पुन्हा दिसतात. नवख्या नटाला दुसरी भूमिका देणे म्हणजे त्याच्या कौशल्याला मान्यता देणे. करमाळा तालुक्यातील जेऊरहून आलेला दिग्दर्शक निर्णयाच्या जागी असणे, ह्या वस्तुस्थितीशी त्याचा संबंध निश्चितच आहे. तथापि, साऱ्या व्यवसायाचा न्याय एका दिग्दर्शकाच्या दृष्टीवर सोपविता येणार नाही. 'झुंड'साठी निवडल्या गेलेल्या नागपूरच्या वस्त्यांतील मुलांचे मूल्यमापनही ती 'खरीखुरी' वाटतात एवढ्यावरच थांबले, तर साथीदार यांच्या बाबतीत जे घडले त्याचीच पुनरावृत्ती होईल.

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात नाट्य-चित्रपटाचे अध्यापन होते. परसोडी त्याच जिल्ह्यात आहे. अशा अध्यासनांनी जलशाला लोकसंस्कृतीचा नमुना न मानता अभिनयपद्धती म्हणून अभ्यासक्रमात स्थान दिले, तर परिभाषा बदलू लागेल. समीक्षेचे काम त्याहून साधे, पण अधिक निकडीचे आहे. 'अस्सल' हा शब्द लिहिण्यापूर्वी नटाने नेमके काय केले, हे तिने पाहावे आणि सांगावे. ज्याच्या कलेचे वर्णनच होत नाही, त्याला कलावंत म्हणून काम मिळण्याची शक्यताही क्षीण होते.