‘स्वमग्न’ आणि ‘भूल’

‘स्वमग्न’ ही संज्ञा मूळ ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’ या शब्दाशी इमान राखते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ब्लॉयलरने १९११ च्या ग्रंथात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांविषयी योजलेली आणि कॅनरने १९४३ मध्ये अकरा बालकांच्या वर्णनात स्वीकारलेली ही कल्पना शस्त्रक्रियागृहाच्या दारात दिशाभूल करते. जो मग्न, त्याला बाह्य जगाची बाधा नाही, असा ध्वनी तीतून निघतो. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. प्रखर दिवा, मास्कचा वास, अनोळखी स्पर्श हेच अशा बालकास असह्य होतात. मेहकर तालुक्यातील जानेफळहून शहरातील रुग्णालयात तपासणीसाठी न्यावयाच्या मुलाचे उदाहरण घ्यावे. भुलीपूर्वी हलके अन्न सहा तास व पाणी दोन तास वर्ज्य. म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेलाच घास मागणाऱ्या मुलाची कसोटी एस.टी.तच सुरू होते. त्याला यादीत पहिला क्रमांक देणे, आईस जवळ राहू देणे, तोंडावाटे मिडाझोलाम देणे, हे उपाय त्याची ‘मग्नता’ नव्हे, संवेदनक्षमता ओळखूनच योजले जातात. त्या मानाने ‘भूल’ हा जुना शब्द अधिक समंजस म्हणावा लागेल. त्यात भुलविणे आहे; हातपाय दाबून धरणे नाही.