परक्या कुंचल्यातील रामकथा

बंदीत पडलेल्या राजस्त्रीची सुटका हा लोककथेचा फार जुना विषय. आजीच्या गोष्टीतील राजकन्या सात समुद्रांपलीकडे राक्षसाच्या वाड्यात असते आणि राजपुत्र तिला सोडवून आणतो. मुलांच्या कार्टून मालिकांनीही हाच साचा उचलला आहे. राक्षस मेला की गोष्ट संपली! रामकथेतील सुटका मात्र एवढ्यावर भागत नाही. म्हणूनच ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ या चित्रपटातील लंकेचा भाग आम्ही जरा कठोर कसोटीवर घासून पाहू इच्छितो.

युगो साको हे जपानी निर्माते १९८३ साली उत्खननावरील माहितीपटासाठी भारतात आले आणि रामकथेने त्यांना वेध लावला. कोइची सासाकी यांच्यासह दिग्दर्शनाची धुरा वाहिली ती मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेल्या राम मोहन यांनी. संगीत वनराज भाटिया यांचे. देवाचे कार्टून करू नये, परकीयाने तर नाहीच, असा आक्षेप आला. बरेचसे काम मग जपानमध्ये झाले. सुमारे ४५० कलावंतांनी हाताने काढलेल्या सुमारे १ लाख चित्रांतून १३५ मिनिटांची ही कलाकृती उभी राहिली. जानेवारी १९९३ मध्ये, मुंबई दंगलींत होरपळत असतानाच, दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात ती दाखविली गेली. जानेवारी २०२५ मध्ये ती पुन्हा चित्रपटगृहांत आली.

आमच्या सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र विभाग राखलेला आहे. जपानी माणूस आम्हांस ठाऊक आहे तो यंत्रांमुळे. त्याने आपल्या शेजाऱ्याची पवित्र कथा भक्तिभावाने रेखाटावी, याचे अप्रूप वाटते. परंतु ख्रिस्ती मराठी वाचकास हे नवे वाटू नये. फादर स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने साष्टीत राहून मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. स्टीफन्स यांनी स्वतःची कथा परक्या भाषेत आणली, साको यांनी परक्याची कथा स्वतःच्या कलेत नेली. दिशा उलट, परंतु दोघांनाही आधी शिष्य व्हावे लागले.

आता लंकेकडे वळू. हनुमंताचे समुद्रोड्डाण, लंकादहन, सेतुबंधन, कुंभकर्णाची झोपमोड हे प्रसंग जणू याच माध्यमासाठी घडले असावेत. १९८७-८८ च्या दूरदर्शन मालिकेत वानर म्हणजे मुखवटा आणि शेपूट लावलेला नट, हे डोळ्यांना विसरता येत नव्हते. येथे राम आणि हनुमान एकाच रेषेतून, एकाच रंगातून जन्मले आहेत. त्यामुळे नर-वानरांचे सख्य सोंग न वाटता सत्य वाटते. सुटकेचे श्रेय एकट्या राजपुत्राचे नसून साऱ्या सामान्य सेनेचे आहे, हा रामकथेचा आशय चित्र न बोलता सांगून जाते.

उणीव जाणवते ती सीतेच्या बाबतीत. कथेच्या धावत्या गतीत तिच्या मनाला पुरेशी उसंत मिळत नाही. वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान तिला पाठीवरून नेण्यास सिद्ध होतो, तेव्हा ती नकार देते. रामाने स्वतः येऊन रावणास जिंकावे व मग आपणांस न्यावे, असा तिचा आग्रह. म्हणजे सुटका कधी व कोणत्या मार्गाने व्हावी, हे ठरविण्यात बंदिनीचाही शब्द आहे. तो शब्द दुबळा झाला की रामकथाही त्या जुन्या साच्याच्या जवळ सरकते. शिवाय चित्रपट सुटकेच्या आनंदात थांबतो, उत्तरकांड उघडत नाही. बालप्रेक्षकांसाठी हे समजण्याजोगे आहे. परंतु सोडवून आणलेल्या सीतेला घराने काय दिले, हा प्रश्न मिटत नाही. आमच्या गावोगावच्या लेकींच्या संदर्भात तो आजही जिवंत आहे.

रावण पडल्यावर वैर मरणापाशी संपले असे सांगून राम विभीषणास भावाचे अंत्यसंस्कार करावयास लावतो, असे वाल्मीकी लिहितात. ज्या दिवसांत रामनामाने आणि रामनामाविरुद्ध माणसे एकमेकांवर धावत होती, त्याच दिवसांत हा चित्रपट प्रथम पडद्यावर यावा, हा योग विलक्षण होय. पालकांनी तो मुलांसमवेत अवश्य पाहावा. मात्र ‘राक्षस कसा मेला?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘सीतेला काय हवे होते?’ हेही विचारावे.