लॉबस्टर धरणं म्हणजे शेती का?

अमेरिकेतल्या शेती-अनुदानांवर काम करायचं ठरलं की बहुतेक जण आधी एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुपच्या डेटाबेसवर जातात. १९९५पासूनच्या रकमा, काउंटीनुसार, त्याही फुकट. आभार मानायलाच हवेत. पण ही एकूण रक्कम 'शेती' समजून तशीच रिग्रेशनमध्ये टाकणं मला पटत नाही.

मेन राज्यातली नॉक्स काउंटी घ्या. रॉकलंड, व्हायनलहेवन, सगळा लॉबस्टर धरणाऱ्यांचा किनारा. व्यापारयुद्धात, २०१८मध्ये, चीनने अमेरिकी लॉबस्टरवर २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं. मग २०२०मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मच्छीमारांसाठी 'सीफूड ट्रेड रिलीफ प्रोग्रॅम' काढला. तरतूद सुमारे ५३ कोटी डॉलर, लॉबस्टरला पौंडामागे ५० सेंट. अर्ज कुठे करायचा? फार्म सर्व्हिस एजन्सीकडे. म्हणजे मका-सोयाबीनवाल्यांचे पैसे देतं तेच ऑफिस!

त्यामुळे अशा काउंटीत त्या सुमारास कृषी खात्याची रक्कम उसळलेली दिसली, तरी शेतीला जास्त आधार मिळाला असं लगेच लिहू नका. कोणी 'एकरी अनुदान' काढलं तर विचारूच नका: भागाकारात वर मासे, खाली जमीन. एकूण आकडा घेण्याआधी रक्कम प्रोग्रॅमनुसार फोडून बघा. काम कंटाळवाणं आहे, पण अर्धा पेपर तिथेच वाचतो किंवा बुडतो.

आपल्याकडेही महाराष्ट्राने २०२५मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिलाय. रत्नागिरी-रायगडवर पीएचडी करणाऱ्यांनी त्यापुढच्या वर्षांची बेरीज मारताना आधी लेखाशीर्ष तपासावं.